तुंगशान : देवाचं आडनाव लावलेलं बेट

खाडीकाठ

चीनहून परत आल्यावर भेटेल तो पहिला प्रश्न विचारतो, "भिंत पाहिलीस का?" नाही पाहिली. दोन वर्षं शियामेनच्या कारखान्यात मशिनं बसवण्यात गेली, आणि ज्या काही सुट्ट्या मिळाल्या त्या बहुतेक एकाच बेटावर घालवल्या. इथल्या दोघा-तिघांनी "लिही, लिही" करून पिच्छा पुरवला, म्हणून हा धागा. फोटो नाहीत. जुना फोन समुद्रात पडला, आणि तो मीच पाडला.

बेटाचं नाव तुंगशान. इंग्रजी स्पेलिंग बघून आपण ‘डोंगशान’ म्हणतो, पण तिथला ‘डी’ आपल्या ‘त’च्या जवळ आणि ‘टी’ आपल्या ‘थ’च्या जवळ. हे सांगायचं कारण म्हणजे बेट तुंगशान आणि त्याच्यावरचा जुना किल्ला थुंगशान. पहिला पूर्वेचा डोंगर, दुसरा तांब्याचा डोंगर. इंग्रजी वाचून गेलेला माणूस इथे हमखास गोंधळतो. आपल्याला अल्पप्राण-महाप्राण घरचेच, त्यामुळे आपण सुटलो. (‘शान’ म्हणजे डोंगर. ‘डोंग’शान वाचून मला पहिल्यांदा वाटलं होतं की हे आपलेच कोणीतरी.)

जागा अशी : फूच्येन प्रांताचं अगदी दक्षिणेचं टोक, तैवानच्या सामुद्रधुनीच्या खालच्या तोंडाशी. कर्कवृत्त थोडंसंच दक्षिणेला. प्रांतातलं दुसऱ्या क्रमांकाचं मोठं बेट. मुख्य बेट आणि आजूबाजूची चाळीसेक लहान बेटं मिळून एक काउंटी होते, आपला तालुका समजा. १९१६ साली शेजारच्या काउंटीतून हा भाग वेगळा काढला. वस्ती दोन लाखांच्या वर. नकाशात आकार पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा, म्हणून लाडाचं नाव ‘फुलपाखरू बेट’. सगळ्यात उंच डोंगर २७४ मीटर, म्हणजे सह्याद्री बघितलेल्या माणसाने नाव काढू नये इतका. पण समुद्रातून सरळ उठतो आणि भोवती काहीच नाही, त्यामुळे रुबाब मोठा.

आणि वारा. सामुद्रधुनी म्हणजे दोन भिंतींमधला बोळ. हिवाळाभर ईशान्येचा वारा त्या बोळात घुसतो आणि या बेटावर येऊन आपटतो. माझ्या पहिल्या जानेवारीत मी बसमधून उतरलो तो टोपीच्या मागे धावत. टोपी काही मिळाली नाही.

किल्ला १३८७ चा. मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाचा गाववाला आणि जुना सोबती चौ तशिंग याला फूच्येनच्या किनाऱ्यावर ठाणी उभारायला पाठवलं होतं. जपानी चाचे, आणि त्यांच्या नावाखाली लुटणारे स्थानिकही, किनारा धुऊन नेत होते. त्या ठाण्यांपैकी हे एक. ठाण्याचा दर्जा ‘हजारी’, कागदावर हजार-बाराशे शिपाई. काळसर-करड्या दगडाचा तट टेकडीच्या अंगाने समुद्रापर्यंत उतरतो. पुढे फूच्येनच्या आरमाराचे जे पाच तळ होते, त्यातला एक इथेच. चाच्यांशी लढणारा ची चिग्वांग, डचांकडून तैवान घेणारा कोक्सिंगा, सगळ्यांची जहाजं या पाण्यात फिरून गेली. १६८३ साली छिंग सम्राटासाठी तैवान जिंकायला श लांगचं आरमार निघालं तेही इथूनच.

हे सगळं पाट्यांवर लिहिलेलं असतं. मला जे सांगायचंय ते एका शिळेवर आहे.

किल्ल्याच्या पायथ्याशी क्वानतीचं देऊळ आहे, समुद्राकडे तोंड करून. क्वानती म्हणजे तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला मारला गेलेला सेनापती क्वान यू. इमानाचा आदर्श म्हणून लोकांनी त्याचा देव केला. लाल तोंडाचा, लांब दाढीचा. शिपायांचाही देव आणि व्यापाऱ्यांचाही. देवळाच्या छपरावर ड्रॅगन, घोडेस्वार, फुलं यांची नुसती जत्रा, आणि ती सगळी चिनी मातीच्या रंगीत वाडग्यांचे तुकडे चिमट्याने कापून चुन्यात बसवून केलेली. खालून बघितलं तर खवले वाटतात. नीट बघितलं तर एखाद्या तुकड्यावर वाडग्याची निळी किनार तशीच दिसते.

आत एक शिळा उभी आहे, १७१३ ची. तिचा मजकूर कारखान्यातल्या एका सहकाऱ्याने मला तीन वेळा समजावून सांगितला, तेव्हा कुठे डोक्यात शिरला. तो साधारण असा.

मिंग काळात इथले लोक म्हणजे ठाण्याचे शिपाई. ते मूळचे इथले नव्हेत, प्रांताच्या उत्तरेकडून आणून बसवलेले. त्यांची नोंद लष्करी खात्यात. बाप शिपाई तर मुलगा शिपाई, पिढ्यान्‌ पिढ्या. मग मिंग राज्य बुडालं. छिंगांशी लढत राहिलेल्या कोक्सिंगाच्या घराण्याला रसद मिळू नये म्हणून नव्या छिंग सरकारने किनाराच रिकामा करायचं ठरवलं. गावंच्या गावं उठवून आत नेली. १६६४ मध्ये थुंगशानही ओस पडलं. पुढे बंदी उठली आणि लोक परत आले, तेव्हा त्यांच्याकडे काहीच नव्हतं. घरं नव्हती हे वेगळंच, त्यांचं नाव कुठल्याच दप्तरात नव्हतं. लष्करी खातं जुन्या राज्याबरोबर गेलेलं, आणि मुलकी नोंदीत यायचं तर कुळाचा कोणी प्रमुख लागतो. या शिपायांच्या वंशजांना कुळं कुठली? शंभर घरांची शंभर आडनावं. दप्तरात नाव नाही म्हणजे सरकारी परीक्षेला बसता येत नाही, आणि कर व वेठीच्या बाबतीत दुसऱ्याच्या दयेवर.

तेव्हा ते सगळे क्वानतीसमोर जमले आणि त्यालाच कुटुंबप्रमुख केलं. दप्तरात एक घर नोंदवलं : क्वान युंगमाओ. क्वान हे देवाचं आडनाव, युंगमाओ म्हणजे ‘कायम बहरलेलं’. असा कोणी माणूस कधीच नव्हता. पण त्याच्या नावावर शेकडो माणसं कायदेशीरपणे अस्तित्वात आली.

मी देवळं पुष्कळ पाहिलीत. नवसाला पावणारा देव माहीत आहे, अंगात येणारा माहीत आहे. रेशनकार्डावर नाव लावू देणारा देव मी पहिल्यांदाच पाहिला.

दुसरी गोष्ट १९५० ची. तीही दप्तरातल्या एका शब्दाचीच आहे. उद्या लिहितो, आता डोळे मिटतायत.

टग्या_मुलुंडकर

पहिला! वाचतोय. रेशनकार्ड वाक्याला दंडवत. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

बखरबाबू

सुंदर लेख. एक योगायोग सांगतो. तुम्ही १६६४ म्हणालात ना? त्याच वर्षी नोव्हेंबरात मालवणला सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं. एक राजा समुद्रात किल्ला बांधतोय आणि दुसरा सम्राट समुद्रावरची गावं उठवून आत नेतोय. दोघांचीही अडचण एकच, समोर आरमारवाला शत्रू. यावर एक आख्खा लेख होईल.

एक शंका. किनारा रिकामा केला म्हणजे किती आत नेलं? आणि लोक गप्प गेले?

खाडीकाठ

@बखरबाबू, अंतर ठिकाणागणिक वेगळं होतं. साधारण दहा-पंधरा किलोमीटर, कुठे कमी, कुठे जास्त. हद्द आखून खुणा केल्या आणि पलीकडे दिसेल त्याला देहदंड. गप्प गेले असतील असं वाटत नाही, पण घरं जाळलेली असली की माणूस जातोच. थुंगशान तर कोक्सिंगाच्या मुलाच्या, चंग चिंगच्या, हातात होतं. तो १६६४ मध्ये तैवानला निघून गेला आणि मागे छिंग फौजेने ठाणं मोकळं केलं.

सिंधुदुर्गाची आठवण मलाही तिथे रोज यायची, पण वेगळ्या कारणाने. तटाच्या आत लोकवस्ती. बुरजाच्या सावलीत वाळत घातलेले कपडे, सुकत टाकलेली मासळी आणि दारात बसून कालवं फोडणाऱ्या बायका. वास सुद्धा मालवणचाच.

दगडफोड्या

तुंगशान म्हटल्यावर त्या हलत्या दगडाबद्दल लिहाल असं वाटलं होतं. आमच्या भूशास्त्राच्या वर्गात त्याचा फोटो दाखवत.

खाडीकाठ

दगडफोड्या साहेब, तो मुद्दामच ठेवला होता तुमच्यासाठी. तुम्ही शास्त्र सांगा, मी बघितलेलं सांगतो.

त्याला ‘वाऱ्याने हलणारा दगड’ म्हणतात. किल्ल्यातच आहे. उंची पावणेपाच मीटर, लांबी-रुंदीही जवळपास तेवढीच, वजन दोनशे टनांच्या आसपास. आकार पीच फळासारखा, आणि खालच्या कातळाला टेकलाय तो जेमतेम तळव्याएवढ्या जागेवर. जोराचा वारा सुटला की डोलतो. माणसालाही हलवता येतो : कातळावर पाठ टेकून आडवं व्हायचं, दोन्ही पाय दगडाला लावायचे आणि रेटायचं. मी गेलो तेव्हा एक आजोबा पोरांना खेळ दाखवत होते. फटीत कौलाचा तुकडा ठेवला आणि दोघा पोरांनी पायाने रेटा दिला. कर्रर्र आवाज झाला आणि कौलाची भुकटी. दगड हललेला मला डोळ्यांनी दिसला नाही. कौल फुटलं म्हणून कळलं.

१९१८ च्या फेब्रुवारीत शेजारच्या नान-आव बेटाजवळ मोठा भूकंप झाला, किनाऱ्यावरची घरं पडली. हा तिथेच. जपानी युद्धनौकेने लोखंडी दोर बांधून ओढायचा प्रयत्न केला आणि दोर तुटले, अशीही गोष्ट सांगतात. ती खरी असो नसो, सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा असतो.

दगडफोड्या

शास्त्र सोपं आहे. तो ग्रॅनाइट. ग्रॅनाइट थंड होताना आणि वरचं ओझं कमी होताना त्याला उभ्या-आडव्या भेगा पडतात, म्हणजे जमिनीखाली मोठमोठे ठोकळे तयार होतात. पाणी भेगांतून झिरपतं आणि कोपरे आधी कुजतात, कारण कोपऱ्यावर तीन बाजूंनी हल्ला. ठोकळ्याचा हळूहळू गोळा होतो. भोवतीचा कुजलेला भुगा पाऊस-वाऱ्याने वाहून गेला की गोळा जिथल्या तिथे उघडा पडतो. म्हणजे तो कुठून गडगडत येऊन थांबलेला नाही, तिथेच ‘सोललेला’ आहे. म्हणून इतका नेमका तोललेला.

महाबलीपुरमचा ‘कृष्णाचा लोण्याचा गोळा’ ज्यांनी पाहिलाय त्यांना हे लगेच कळेल. आपल्या कोकणात असं का दिसत नाही? आपला दगड बेसॉल्ट आणि वर जांभा. ग्रॅनाइट बघायला खाली हंपीकडे जावं लागतं.

भूकंपात का पडला नाही? तळाचा आकार वाटीसारखा असेल तर हलल्यावर गुरुत्वमध्य वर उचलला जातो आणि दगड आपोआप मूळ जागी येतो. बुडाला वजन असलेली बाहुली आठवा, कितीही पाडा, उठून बसते.

कोकणवेडी

आज दुसरा भाग येणार होता ना खाडीकाठ? आमच्याकडे ‘उद्या’ म्हणजे पुढची चतुर्थी.

खाडीकाठ

कोकणवेडी ताई, आलो.

१९५० चा मे महिना. मुख्य भूमीवर कम्युनिस्टांचं राज्य आलेलं, चियांग कै-शेकचं सैन्य बेटाबेटांवरून तैवानकडे मागे सरकतंय. जाताना त्यांनी तुंगशानमधले धडधाकट पुरुष पकडून नेले. जेमतेम बारा हजार घरांच्या बेटावरून चार हजार सातशेहून जास्त. थुंगपो नावाच्या एका गावातून एका रात्रीत १४७ जण नेले. त्यातले ९१ लग्न झालेले. त्या गावाला अजूनही लोक ‘विधवांचं गाव’ म्हणतात. पण त्या विधवा नव्हत्या हीच तर खरी यातना. नवरा समुद्रापलीकडे जिवंत आहे की नाही, हे कळायला सदतीस वर्षं लागली. १९८७ साली तैवानने आपल्या लोकांना घरी भेटीला जायची परवानगी दिली तेव्हा काही परत आले. काहींनी तिकडे दुसरा संसार मांडलेला. काहींची फक्त राख आली.

पण मी सांगतोय तो शब्द १९५० चा. १२ मेला नवं सरकार बेटावर आलं. नव्या राजवटीच्या वर्गवारीत या बायका कोण? ज्यांचे नवरे-मुलगे शत्रूच्या सैन्यात आहेत त्या, म्हणजे ‘शत्रूचे कुटुंबीय’. त्या काळात हा शिक्का बसला की जमीन नाही, काम नाही, पोरांना शाळेत मान नाही. बेटावरच्या किती घरांवर तो बसला असता त्याचा हिशेब करा.

तिथल्या एका विभागाचे पक्षप्रमुख होते कू वनछांग. मूळचे उत्तरेकडच्या हनान प्रांतातले, गरीब घरातले, दगड फोडायचं काम केलेले. त्यांनी वरच्यांपुढे मांडलं की ही माणसं हौसेने गेलेली नाहीत, बांधून नेलीत. तेव्हा यांना ‘शत्रूचे कुटुंबीय’ म्हणू नका, ‘सैन्याच्या आपत्तीत सापडलेली कुटुंबं’ म्हणा. ते मान्य झालं. म्हणजे पूर-दुष्काळग्रस्तांना जी मदत मिळते ती यांना. दोन अक्षरं बदलली.

तीन वर्षांनी, जुलै १९५३ मध्ये, चियांगचं सैन्य त्याच्या ताब्यातल्या चिनमन (किनमेन) बेटावरून दहा हजारांहून जास्त माणसं घेऊन तुंगशानवर उतरलं. छत्रीधारी सैनिक पाछमनला, बेट आणि मुख्य भूमीमधल्या अरुंद खाडीच्या उतारावर, टाकले, मुख्य भूमीकडून कुमक येऊ नये म्हणून. बेटावर बाराशेच्या आसपास शिबंदी. दीड-दोन दिवस तुंबळ झालं, पण खाडीवरची ती वाट तुटली नाही, कुमक पोचली आणि हल्लेखोर परत गेले. त्या लढाईत शिबंदीला पाणी पोचवणाऱ्या आणि जखमींना उचलणाऱ्या लोकांत याच घरांतल्या बायका होत्या. ज्या सैन्यात आपला नवरा असू शकतो, त्याच्याविरुद्ध. शिक्का दुसरा बसला असता तर काय झालं असतं, याचा मी तिथल्या संग्रहालयात बराच वेळ विचार करत बसलो होतो.

निवांत_दुपार

लेख आवडला, पण जरा मीठ घालून वाचतेय. कू वनछांग हे चिनी पक्षाचे आवडते ‘आदर्श अधिकारी’ आहेत. आताचे शी चिनफिंग स्वतः फूच्येनमध्ये सतरा वर्षं होते आणि कूंचं नाव वारंवार घेतात. संग्रहालयं, मालिका, पुतळे, सगळं सरकारी. एका माणसाच्या चांगुलपणाची गोष्ट सांगायची आणि तो शिक्का मुळात कोणी तयार केला हे गाळायचं, ही जुनी युक्ती आहे.

खाडीकाठ

@निवांत_दुपार, मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि मी तो टाळला हेही खरं. शिक्क्यांचं यंत्र त्यांच्याच पक्षाचं होतं. पुढे सांस्कृतिक क्रांतीत त्याच यंत्राने कूंनाही खाली ढकललं, दूरच्या डोंगराळ काउंटीत पाठवलं. १९८१ मध्ये ते वारले, आणि १९८७ मध्ये त्यांच्या अस्थी त्यांच्याच इच्छेप्रमाणे तुंगशानला आणून पुरल्या.

पण एक गोष्ट सरकारला आदेश काढून करता येत नाही. छिंगमिंगला, म्हणजे चिनी पितृपक्षच म्हणा, तिथले लोक म्हणतात, "आधी कू-कुंगना, मग पूर्वजांना" (‘कुंग’ हे आदराने लावतात). मी त्या दिवसांत तिथे होतो. थडग्यासमोर संत्री, चहा आणि एकाने चक्क सिगारेट पेटवून ठेवलेली. शेजारच्या सरकारी पुतळ्याजवळ शाळेची सहल फोटो काढत होती. दोन्ही गर्दी वेगवेगळ्या होत्या.

सुरंगीचा_गजरा

अहो, कू वनछांग म्हणजे तेच ना, सुरूची झाडं लावणारे? वनस्पतीशास्त्राच्या मंडळींत त्यांचं नाव त्यासाठी आहे आणि तुम्ही झाडांबद्दल अवाक्षर काढलं नाहीत!

खाडीकाठ

काढणारच होतो. तिथे जे आधी होतं ते म्हणजे वाळू. पूर्व किनाऱ्यावर तीस-एक किलोमीटर उघडी वाळू, चाळीसवर टेकड्या, आणि वर्षातले दीडशे दिवस सोसाट्याचा वारा. टेकड्या चालायच्या. शंभरेक वर्षांत तेरा गावं वाळूखाली गेली असं सांगतात. शेतात रताळी लावायची आणि सकाळी ती उकरून काढायची.

कू १९५५ मध्ये काउंटीचे पक्षसचिव झाले. "वाळू आवरली नाही तर तिनेच मला पुरावं" हे त्यांचं वाक्य तिथे पोराटोरांना पाठ आहे. गवतं लावली, मेली. नाना जातींची झाडं लावली, मेली. मग शेजारच्या क्वांगतुंग प्रांताच्या किनाऱ्यावर सुरू तगलाय असं कळलं. १९५८ मध्ये सगळ्या बेटाला कामाला लावून दोन लाख रोपं लावली, आणि थंडीची लाट आली. सगळं करपलं. फिरून फिरून शोधलं तेव्हा नऊ झाडं जिवंत सापडली.

नऊ. इतर कोणी असतं तर अहवाल लिहून मोकळा झाला असता. यांनी ती नऊ का जगली याचा अभ्यास मांडला. कधी लावायचं, किती खोल, मुळाशी किती माती ठेवायची, पावसाच्या कुठल्या दिवशी. १९६४ पर्यंत किनाऱ्याभोवती पट्टा उभा राहिला.

सुरंगीचा_गजरा

झाड का जगतं ते मी सांगते. सुरूची ती ‘सुई’ म्हणजे पान नव्हेच, बारीक हिरवी डहाळी आहे. खरी पानं सांध्यांवरच्या इवल्याशा खवल्यांएवढी. त्यामुळे पाणी कमी उडतं आणि खारा वारा लागूनही होरपळत नाही. शिवाय मुळांच्या गाठींत फ्रँकिया नावाचे जिवाणू राहतात, ते हवेतला नायट्रोजन धरून देतात. नुसत्या वाळूत जगायला अजून काय हवं?

पण उगाच आरती नको. सुरूखाली गळलेल्या सुयांचा गालिचा पडतो, त्यातून दुसरं काही फारसं उगवत नाही. एकाच वयाची एकाच जातीची झाडं एकदम म्हातारी होतात. आणि किनाऱ्याची वाळू बांधून टाकली की किनारा समुद्राशी देवघेव करायचा थांबतो. आपल्या कोकणात कासवं अंडी घालतात त्या किनाऱ्यांवर सुरू लावण्यावरून वाद होतो तो त्याचमुळे.

कोकणवेडी

म्हणजे काशीदचं, भाट्याचं, गुहागरचं सुरूबन आपलं नव्हे? मी तर लहानपणापासून...

सुरंगीचा_गजरा

मूळ आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाकडचं. पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात कारवारकडे लावायला सुरुवात केली, सरपणासाठी. आपलं म्हणायला दीडशे वर्षं पुरत असतील तर आपलं.

खाडीकाठ

ताई, तुमची टीका रास्त आहे, आणि तिथले वनखात्याचे लोकही आता म्हाताऱ्या झाडांच्या जागी मिश्र लागवडीचं बोलतात. पण ज्याचं गाव गाडलं गेलंय त्याला जैवविविधता सांगायला माझी जीभ रेटत नाही. अवांतर : त्या पट्ट्यातून वारा गेला की जो आवाज येतो तो थेट मुरुडच्या किनाऱ्याचा. डोळे मिटून बसलो तर पलीकडून भेळवाला येईल असं वाटायचं.

आणि गंमत म्हणजे तीच वाळू आता विकली जाते. शुद्ध गारगोटीची आहे, काचेच्या कारखान्यांना लागते.

बखरबाबू

बेट म्हणता आहात, पण नकाशात मला एक रस्ता सरळ मुख्य भूमीला जोडलेला दिसतोय.

खाडीकाठ

बरोबर. पाछमन, म्हणजे ‘आठ फुटी दार’. १९५३ ला जिथे छत्रीधारी उतरले तीच अरुंद खाडी. १९६१ साली तिथे दगडाचा बांध घातला, साडेपाचशे मीटरच्या आसपास. यंत्रं नव्हती, माणसांनी दगड वाहिले. बेट कागदावर बेट राहिलं, पायांना द्वीपकल्प झालं. सत्तरच्या दशकात ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरचा कालवा काढून मुख्य भूमीवरच्या नदीचं गोडं पाणीही आणलं.

बांधाने माणसाची सोय झाली, पण खाडीच्या दोन्ही अंगांचं पाणी एकमेकांना भेटायचं थांबलं. गाळ साचला, कालवं-मासळीवाले कुरकुरू लागले. अलीकडे तो बांध मोकळा करून वरून पूल नेण्याचं काम हाती घेतलं गेलं. साठ वर्षांपूर्वी ज्यांच्या बापांनी दगड टाकले, ते आता ते काढलेले बघतायत. मला भेटलेल्या एका टपरीवाल्याला याचं काही वाटत नव्हतं. तो म्हणाला, तेव्हा तांदूळ आणायचा होता, आता मासे येऊ द्यायचेत.

टग्या_मुलुंडकर

प्रश्न : खायला काय? एवढ्या मोठ्या धाग्यात मासळीवर दोन ओळी म्हणजे अन्याय आहे.

खाडीकाठ

टग्या, लहान माकूळ. इतकं ताजं की नुसतं आलं घालून उकडून देतात, आत शाई तशीच. दात काळे होतात, कोणी हसत नाही कारण सगळ्यांचेच झालेले. कालवं अंड्यात घालून केलेली धिरडी. शेतात शतावरीच्या कोंबांची लागवड मोठी आहे, ते परतून. तिखट मात्र विसर. मी खिशात घरचा मसाला बाळगायचो.

अनुस्वार

उशिरा वाचलं. किल्ल्यातल्या कोणा लेखक-पंडिताबद्दल कोणीच बोललं नाही? ह्वांग ताओचौ तिथलाच ना? चिनी सुलेखन शिकताना त्याची अक्षरं गिरवली आहेत. तिरकी, घाईची, पण एकही ओळ ढळत नाही.

खाडीकाठ

व्वा, अनुस्वार! हो, तिथलाच, १५८५ चा जन्म. शिपायांच्या ठाण्यातला मुलगा. खडकांमधल्या एका कपारीत बसून अभ्यास करायचा, पुढे त्याने टोपणनावच ‘शिळाकुटी’ घेतलं. दरबारात मोठ्या पदावर गेला, सम्राटाला तोंडावर सुनावून शिक्षा भोगून आला. मिंग राज्य कोसळल्यावर म्हातारपणी फौज उभी करून छिंगांशी लढायला निघाला, पकडला गेला आणि १६४६ मध्ये नानचिंगला त्याचं डोकं उडवलं. घरच्यांसाठी त्याने रक्ताने लिहून ठेवलं की आभाळ-धरणी मला ओळखतात, तुम्ही काळजी करू नका. आणि ज्या छिंग घराण्याने मारलं त्याच्याच वंशजाने, छ्येनलुंग सम्राटाने, पुढे त्याचा गौरव केला.

क्वानतीच्या देवळात त्याच्या नावाने सांगितली जाणारी ओळींची जोडी खांबांवर आहे. तुमच्यासारख्याने प्रत्यक्ष बघायला हवी. मी आपला खांब बघून आलो.

निवांत_दुपार

एक राहिलंच. त्या क्वान युंगमाओचं पुढे काय झालं? अजून कोणी ते आडनाव लावतं?

खाडीकाठ

रोजच्या जगात प्रत्येकाचं आपापलं आडनाव होतं आणि आहे : छन, ह्वांग, लिन वगैरे. क्वान फक्त दप्तरासाठी. पण तिथल्या जुन्या घरांत क्वानतीची मूर्ती किंवा चित्र असतंच, आणि त्याला ते देव म्हणण्याऐवजी घरातला थोरला म्हणतात. मी ज्यांच्याकडे खोली घ्यायचो त्या आजी सकाळी त्याच्यापुढे तीन छोटे पेले चहा ठेवायच्या. एकदा विचारलं, प्रसाद का? म्हणाल्या, "प्रसाद कसला, सकाळचा चहा आहे. घरातल्या माणसाला देतो ना आपण."

कोकणवेडी

जायचं कसं ते सांगा आता. नोव्हेंबरात शियामेनला भावाकडे जाणार आहे.

खाडीकाठ

शियामेनहून शेंचेनकडे जाणारी रेल्वे, युनश्याओला उतरा, पुढे बस किंवा गाडी. थेट बसही असते. राहायचं थुंगलिंगमध्ये, जुन्या गावात. नवी हॉटेलं मालुआन खाडीच्या किनाऱ्यावर आहेत, पण तिथून किल्ला लांब पडतो. नोव्हेंबर म्हणजे ईशान्येचा वारा सुरू झालेला असेल. टोपी नेऊ नका.

कोकणवेडी

स्कार्फ चालेल?

खाडीकाठ

गाठ मारून.